काचेचा माळा, अर्धे पडदे

रनिंग रूम,
४ ऑक्टोबर

ताई,

आठवडा झाला इथे येऊन आणि आज पत्राला बसलेय. तेव्हा तू मनातल्या मनात मला जे काही बोललीस ते सगळं मी ऐकलं असं समज आणि पुढे वाच.

रनिंग रूम म्हणजे आम्हा गाडीवरच्या लोकांची झोपायची जागा. ओळीने खाटा. माझ्या शेजारच्या खाटेवर गाडीतली स्वयंपाकीण असते. ती अशी घोरते की मला वाटतं मी अजून गाडीतच आहे.

आता तुला हवं ते सांगते. आमचा डबा दुमजली आहे. खाली लाउंज. तिथे गुबगुबीत कोच, गालिचा, प्रत्येक टेबलावर पितळी दिवा, भिंतीत मासिकांसाठी कप्पा. मधून एक अरुंद जिना वर जातो आणि वर नुसती काच. डोक्यावर काच, दोन्ही बाजूंना काच, समोर काच. कागदोपत्री त्याला मोठं नाव आहे, पण आम्ही सगळे त्याला माळा म्हणतो. माळ्यावरच्या खुर्च्या जागच्या जागी गोल फिरतात, मागे रेलतात, आणि कळ दाबली की पायांखाली आपोआप पाट येतो. डोंगर सुरू झाले की लोक बोलायचे थांबतात. एक बाई परवा चहाचा कप ओठाला लावून तशीच बसून राहिली, प्यायचं विसरली.

आपल्या स्टेशनात गाडी थांबत नाही, पण रुळांचे सांधे बदलताना माणसाच्या चालीने जाते. मी माळ्यावर काचेला नाक लावून उभी होते, जातानाही आणि संध्याकाळी परत येतानाही. तू फलाटावर नव्हतीस. आईने वेळ सांगितली नव्हती का?

पत्र पॅसेंजरच्या गार्डकाकांकडे देतेय. ते रोज तुझ्याकडे थांबतात. उत्तरही त्यांच्याकडेच दे.

तुझी
चिंगी


वेटिंग रूम,
७ ऑक्टोबर

चिंगे,

पत्र मिळालं. आईने ते शेजारणीला वाचून दाखवलं, मग शेजारणीच्या सुनेला, मग दूधवाल्याला थांबवून त्याला. पायांखाली आपोआप पाट येतो हे ऐकून दूधवाला म्हणाला, "नशीब लागतं." मी तिथेच उभी होते. माझ्या पायांखाली काय येतं ते त्याने विचारलं नाही.

फलाटावर कशी येणार? तुझी गाडी जाते ती माझी ऐन गर्दीची वेळ. वेटिंग रूममध्ये पाय ठेवायला जागा नसते. फलाटाचं छप्पर वादळात उडालं ते अजून कोणी बसवलेलं नाही, त्यामुळे ऊन चढलं की सगळे आत पळतात. खुर्च्या पुरत नाहीत, किटली खाली ठेवायची सोय नाही. रुळांकडच्या खिडक्यांना मी अर्धे पडदे शिवून लावलेत, उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर जातील असे. बाहेरून आतलं दिसत नाही आणि वरून उजेड येतो. बसलेल्यांना जरा निवांतपणा मिळतो. तेव्हा तुला हात करायला रिकामी कोण आहे?

खुर्च्या गोल फिरतात म्हणतेस. आम्हाला चारही पाय जमिनीवर असलेल्या बऱ्या.

लिहायचं नव्हतं, पण लिहिते. निवडीच्या दिवशी दोघींना ट्रे घेऊन तो जिना चढायला लावला. माझ्या ट्रेमधला थेंब हलला नाही. तू वर पोचायच्या आत अर्धा कप साहेबांच्या बुटावर सांडलास आणि हसलीस. त्यांनी तुला घेतलं. मला म्हणाले, "काम उत्तम आहे तुमचं, पण या डब्यात प्रसन्न चेहरा लागतो." इतकी वर्षं मी याच चेहऱ्याने लोकांना चहा देतेय. त्यामुळे कोणाचं दूध नासलेलं मला माहीत नाही. तुला ट्रे धरायला कोणी शिकवलं ते त्या साहेबांना सांगितलंस का? नसशीलच.

जिना अरुंद आहे. जपून चढत जा.

ताई


रनिंग रूम,
१९ ऑक्टोबर

ताई,

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ तेवढी गोड होती. मी तीच दोनदा वाचली.

एका अडचणीत आहे. माळ्यावरच्या खुर्च्यांना नंबर नाहीत. जो आधी चढेल तो बसेल. झालंय असं की लोक सकाळी चढतात, खुर्चीवर टोपी नाहीतर शाल ठेवतात आणि खाली येऊन नाश्ता करतात, पत्ते खेळतात, डुलक्या काढतात. तासभर टोपी डोंगर बघते आणि माणसं जिन्यात ताटकळतात. काल एका निवृत्त न्यायाधीशांची टोपी आणि एका दातांच्या डॉक्टरीणबाईंची पर्स यांच्यात एकाच खुर्चीवरून वाद झाला. न्यायाधीश पंधरवड्याला लेकीकडे जातात, डॉक्टरीणबाईही नेहमीच्या. दोघांनाही दुखवून चालत नाही. मी मध्ये ट्रे घेऊन उभी. शेवटी दोघंही मलाच बोलले.

बुटावर चहा सांडलेले साहेब महिन्यातून एखाद-दोनदा गाडीत असतात. पुढच्या वेळी त्यांनी हे पाहिलं तर माझं काही खरं नाही. अजून मला कायम केलेलं नाही.

तुझ्याकडे तर म्हणे पाय ठेवायला जागा नसते. तू कसं करतेस? मला नीट समजावून लिही. तुझ्याइतकं यातलं कोणाला कळतं असं मला वाटत नाही.

परवाही तू फलाटावर नव्हतीस.

चिंगी


वेटिंग रूम,
२१ ऑक्टोबर

चिंगे,

तुझी अडचण वाचून राहवलं नाही, म्हणून लगेच लिहिते.

यात अवघड काहीच नाही. रिकाम्या खुर्चीवर जे दिसेल ते सरळ उचलायचं. टोपी, शाल, पर्स, पिशवी, काहीही. खाली लाउंजच्या मोठ्या टेबलावर नेऊन सगळ्याचा एक ढीग करायचा. कोणाला विचारायचं नाही, कोणाला सांगायचं नाही. आपापलं शोधून घेतील. दोन खेपांत सुतासारखे सरळ येतात. मी इथे हेच करते.

साहेब गाडीत असतील त्या दिवशी कर, म्हणजे त्यांनाही दिसेल तू किती धीट आहेस ते.

आई बरी आहे. तुझा तो युनिफॉर्ममधला फोटो तिने घड्याळाशेजारी लावलाय. माझा होता तिथे.

ताई


रनिंग रूम,
३० ऑक्टोबर

ताई,

केलं. तू सांगितलंस तसंच, साहेब गाडीत असताना.

टेबलावर हा एवढा ढीग झाला. न्यायाधीशांच्या टोपीवर डॉक्टरीणबाईंची पर्स पडली आणि टोपी चपटी झाली. कोणाचा तरी चष्मा शालीत होता, तो मोडला. एका आजींचं विणकाम उचलून आणलं, त्याचा गुंडा वरच राहिला होता. जिनाभर लोकर. साहेब चढत होते, त्यांच्या पायात अडकली. या वेळी मी हसले नाही.

सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. लेखी ताकीदही मिळाली. पुन्हा असं काही झालं तर खाली भांडी विसळायला बसवतील.

मी रागावलेले नाही. पण एक विचारायचं होतं. शाळा सुटली की मी तुझ्या वेटिंग रूममध्येच येऊन बसायचे, कोपऱ्यातल्या बाकावर, तुझी ड्यूटी संपेपर्यंत. तू कोणाच्या वस्तूला बोट लावलेलं मला आठवत नाही. माझ्या लक्षात राहिलं नसेल, किंवा तुझ्या.

अजून एक. तुझ्या पत्रांवरून वाटतं की मी दिवसभर त्या खुर्चीत पाय पसरून बसते. गाडीवरच्या माणसांना त्या खुर्च्यांत बसायची परवानगी नाही. मी एकदाही बसलेले नाही. उभं राहून पाय असे सुजतात की बूट ओढून काढावे लागतात.

तुझ्या हातचं सूप आणि आपलं अंथरूण यांची फार आठवण येते. तू रोज घरी झोपतेस याचा मला कधीकधी राग येतो.

चिंगी


वेटिंग रूम,
१ नोव्हेंबर

चिंगे,

हे पत्र मी आईला दाखवलं नाही.

आता लिहिते तसं कर. माळ्यावर चहा द्यायचा नाही. बिस्किटही नाही. ज्याला हवं त्याने खाली यावं. किटली जिन्याच्या तोंडाशी ठेव आणि वाफ धरली की झाकण काढ. वास आपोआप वर जातो, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. माणूस खाली येऊन कोचावर टेकला की तू वर जा, त्याची टोपी किंवा शाल घेऊन ये आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धर. म्हण, "आपली वर राहिली होती." त्याला वाटतं, आपणच विसरलो. उलट तुझे आभार मानेल. आणि एकदा आभार मानले की माणूस परत जागा अडवत नाही, त्याला लाज वाटते.

ढीग कधीही करायचा नाही. एकेकाचं एकेकाला.

बूट एक नंबर मोठे मागून घे. रोज गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडव.

ताई


रनिंग रूम,
१८ नोव्हेंबर

ताई,

काय सांगू तुला. न्यायाधीशांना टोपी दिली, "आपली वर राहिली होती" असं मी म्हणाले, तर ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "वय झालं माझं, लक्षात राहत नाही." आणि मला सफरचंद दिलं. डॉक्टरीणबाईंनी माझे दात फुकट बघून दिले, दोन किडलेत. आता लोक आळीपाळीने वर जातात, खाली येतात. जिन्यात कोणी ताटकळत नाही. खाली लाउंजमध्येही जाग आली. पूर्वी तिथे कोच नुसते सजून बसलेले असायचे.

साहेबांनी पाहिलं. ताकीद मागे घेतली आणि मला कायम केलं. म्हणाले, युक्ती कुठली? मी म्हणाले, माझ्या ताईची. ते म्हणाले, त्या काय करतात? "तुम्हीच त्यांना चेहरा प्रसन्न नाही म्हणून परत पाठवलंत," असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मी घाबरट आहे. "वेटिंग रूम बघतात," एवढंच बोलले. त्यांना आठवलंही नाही.

गाडीचं नवीन पोस्टर निघतंय. त्यात माझा फोटो घेतलाय, जिन्याच्या तोंडाशी किटली धरून उभी असलेला. सगळ्या स्टेशनांत लागणार आहे. तुझ्याही. आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुला वाटेल मी लपवलं.

गरम पाण्याने पाय उतरले.

चिंगी


वेटिंग रूम,
२ डिसेंबर

चिंगे,

आलं तुझं पोस्टर. स्टेशनमास्तरांनी खळ आणि ब्रश माझ्याच हातात दिला. म्हणाले, "तुमची बहीण ना? तुम्हीच लावा, वेटिंग रूमच्या बाहेरच्या भिंतीवर." लावलं. सरळ लावलं, एक सुरकुती पडू दिली नाही. मला वाकडं काम करता येत नाही, हीच तर माझी अडचण आहे.

किटली जिन्याच्या तोंडाशी ठेवायची ही अक्कल माझी. झाकण काढायचं मी सांगितलं. "आपली वर राहिली होती" हे शब्दसुद्धा माझे. चेहरा तेवढा तुझा, आणि भिंतीवर चेहराच लागतो.

हो, पोटात दुखतंय माझं. एकदा लिहूनच टाकते म्हणजे तुला ओळींच्या मधलं वाचायचा त्रास नको. तो अर्ज मी आणला होता. तुझा मी भरला, कारण तुझं अक्षर कोणाला लागत नाही. आपण दोघी जाऊ असं म्हणाले होते ना मी? खरं सांगायचं तर माझ्या मनात होतं, मी जाईन आणि तू माझी जागा घेशील. लहानपणापासून माझ्यानंतर सगळं तुला मिळालं, फ्रॉक, दप्तर, सायकल. हे एकच तुला आधी मिळालं आणि मला नंतरही मिळणार नाही. आई तर आता माझ्याशी बोलतानाही तुझं नाव घेऊन हाक मारते, मग दुरुस्त करते.

आणि तुझा तो काचेचा माळा. परवा ओझरता दिसला. सिमेंटच्या कारखान्यावरून येता, त्याची धूळ आणि इंजिनाची काजळी बसून नुसता तेलाचा डबा झालाय. त्यातून तुझ्या लोकांना डोंगर दिसतात की एकमेकांची तोंडं? मी माझ्या खिडक्या रोज पुसते. तुमच्या एवढ्या थोर गाडीला एक बादली आणि फडकं मिळत नाही?

इथे खोलीला नवा रंग द्यायचाय, त्यामुळे खुर्च्या हलवायच्या आहेत. धावपळ फार आहे. लवकर पत्र लिहायला जमणार नाही.

ताई


रनिंग रूम,
९ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र वाचून रडले, मग भूक लागली म्हणून जेवले, मग परत वाचलं. तू लिहिलंस ते खरं आहे, अर्जाचंही आणि फ्रॉकचंही. मला त्यावर काही उत्तर सुचत नाही. सुचलं की लिहीन.

काचेचं मात्र सुचलं. तेही खरं आहे. मी साहेबांना सांगितलं. डोंगर लागायच्या आधी काच धुवायलाच हवी आणि त्या बाजूला पाण्याची मोठी टाकी फक्त आपल्या स्टेशनात आहे. त्यांनी वर लिहिलंय. मंजुरी आली तर जाणारी गाडी तुझ्या फलाटाला थांबेल. काच धुताना माळ्यावर कोणाला बसता येणार नाही. शिड्या लागणार, पाणी उडणार. सगळे प्रवासी उतरणार. त्यांना बसायला खुर्च्या लागतील, चहा लागेल, आणि त्यांना सांभाळणारं कोणी लागेल.

म्हणून ताई, काहीही कर पण खुर्च्या खोलीबाहेर जाऊ देऊ नकोस. उलट्या करून ठेवल्यात त्या सरळ कर. ती पार्सलं ज्यांची असतील त्यांना म्हणावं, थोडे दिवस थांबा.

चिंगी


वेटिंग रूम,
१३ डिसेंबर

चिंगे,

पार्सलांचं तुला कोणी सांगितलं?

मी आधी गार्डकाकांना धरलं. ते म्हणाले, मी पत्रं नेतो, बातम्या नेत नाही. मग त्यांच्याशी भांडले. आता ते माझ्याशी बोलत नाहीत, पत्र नुसतं खिडकीतून आत टाकतात. मग स्टेशनमास्तरांना विचारलं, तर ते शपथेवर सांगतात की त्यांनी कोणाला पत्र लिहिलेलं नाही. आईला तर मी काही सांगितलंच नव्हतं.

बरं, आता कळलंच आहे तर ऐक. रंगबिंग काही नाही. वेटिंग रूम बंद होणार होती. तिथे पार्सलचं गोदाम करायचं ठरलं होतं, नवं वर्ष लागलं की. गठ्ठे आत येऊन पडायलाही लागले होते. मला म्हणाले, तुम्ही पार्सल ऑफिसात बसा, पावत्या फाडा. मी विचारलं, आणि किटली? तर हसले.

काल मंजुरीचा कागद आला. इतके दिवस माझी नजर चुकवणारे मास्तर टोपी काढून दारात उभे. म्हणाले, "बाई, किती कप लागतील?" मी म्हणाले, "बघते." खुर्च्या सरळ केल्यात. पार्सलं मास्तरांनी स्वतः ढकलत बाहेर नेली, त्यांची कंबर धरलीय.

पण मला एक खरं सांग. साहेबांजवळ माझं गाऱ्हाणं गाऊन, माझी कीव आली म्हणून गाडी थांबवत असशील, तर आत्ताच सांग. मी पावत्या फाडायला बसते. तुझ्या दयेवर मला खोली नको.

ताई


रनिंग रूम,
१५ डिसेंबर

ताई,

तुझी कीव? तुझी कीव करायची माझी छाती नाही. ती गाडी माझ्यासाठी थांबत नाही, तुझ्यासाठी कुठली थांबायला. धुळीसाठी थांबतेय, आणि तुझ्या टोमण्यासाठी.

खरं झालं ते असं. मी साहेबांना तुझं पत्रच वाचून दाखवलं, "तेलाचा डबा" पासून "बादली आणि फडकं" पर्यंत. पोटात दुखण्याचा भाग गाळला. ते हसले नाहीत. पुढच्या स्टेशनात शिडी लावायला सांगितली, स्वतः चढले आणि आपल्या पांढऱ्या रुमालाने काच पुसली. उतरले तेव्हा रुमाल टाकून द्यावा लागला. म्हणाले, "ह्या बाई कोण?" मी म्हणाले, त्याच, किटलीवाल्या. या वेळी पुढचंही बोलले, प्रसन्न चेहऱ्याचं. त्यांनी हातावरची काजळी झटकली. मग म्हणाले, "असू दे. काच पुसायला सांगणारं माणूसही लागतं."

पार्सलांचं कोणी सांगितलं ते मी पत्रात लिहिणार नाही. सोमवारी पहिली गाडी थांबेल. आईला घेऊन ये. सगळ्यांचा चहा झाला की तू वर माळ्यावर ये आणि त्या खुर्चीत बस. तू गाडीवरची नाहीस, तुला परवानगी आहे.

चिंगी


वेटिंग रूम,
२३ डिसेंबर

चिंगे,

सोमवारी तुला तोंडावर बोलले नाही ते आता लिहिते.

आई अजून त्याच नादात आहे. किटलीपाशी उभी राहून येईल त्याला सांगत होती, "वरची आणि खालची, दोघी माझ्याच." तुझे न्यायाधीश तिला म्हणाले, बाई, तुमच्या एका मुलीने मला माझं म्हातारपण पटवून दिलं. आईला वाटलं तुझं कौतुक करताहेत. करतही असतील. तुझ्या डॉक्टरीणबाई आपली पर्स खुर्चीवर ठेवून फलाटावर फिरायला गेल्या. मी ती दोन्ही हातांनी नेऊन दिली. काय बोलले ते तुला माहीत आहे.

मग तू मला हाताला धरून जिना चढवलास. बसवलंस, कळ दाबलीस, पायांखाली पाट आला. तेवढ्यात खालून तुला कोणीतरी हाक मारली आणि तू गेलीस. वर मी एकटी. धुणारे शिड्या घेऊन उतरले होते, काच ओली आणि लख्ख होती. खुर्चीने पाठ अशी अलगद पेलली की मला वाटलं, अशी खुर्ची असते हे कळलं नसतं तर बरं झालं असतं. तू म्हणाली होतीस गोल फिरते, म्हणून फिरवून पाहिली. ती फिरली ती माझ्या खोलीकडे तोंड करून थांबली.

फलाटाला छप्पर नाही. पडदे अर्धे आहेत. मी ते फलाटावरच्या माणसांच्या हिशोबाने शिवले होते आणि साध्या डब्यांच्या खिडक्यांच्या. माळा किती उंच आहे ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. वरून मला सगळी खोली दिसत होती. न्यायाधीशांच्या गुडघ्यावरची टोपी दिसली. आई पदराने किटलीचं झाकण पुसत होती. आणि पडद्यांच्या फटीपाशी माझं स्टूल, त्याच्यावर माझं फडकं.

मग पार्सलांचं कोणी सांगितलं ते कळलं. गार्डकाकांची मी माफी मागितली आहे, त्यांनी अजून मान हलवलेली नाही.

म्हणजे मी तुला लिहिलं की पाय ठेवायला जागा नाही, तेव्हा तू वरून खोळी घातलेल्या रिकाम्या खुर्च्या पाहिल्या होत्यास. आणि जाताना नि येताना, दर खेपेला, त्या फटीला डोळा लावून स्टुलावर उभी असलेली मी. आणि तरी तू विचारलंस, "तुझ्याकडे तर म्हणे पाय ठेवायला जागा नसते, तू कसं करतेस?" तेव्हा वाचताना मला वाटलं होतं, किती भोळी आहे ही.

तू वर परत आलीस आणि म्हणालीस, कसं वाटलं? मी म्हणाले, खुर्ची जरा जास्तच मऊ आहे. तेवढंच जमलं.

एक गोष्ट लक्षात आली ती उशिरा आली. मी बसले होते आणि तू उभी होतीस, नव्या मोठ्या बुटांत. पुढच्या वेळी काच धुऊन झाली आणि माणसं खाली चहा पीत असली की तू बसायचंस. मी जिन्यात उभी राहीन. कोणी आलंच तर माझ्या चेहऱ्याला घाबरून परत जाईल.

तुझा हेवा वाटायचा थांबलेला नाही. उलट आता त्या खुर्चीत बसून आले, त्यामुळे जास्तच वाटतो. आणि त्यात हे एक नवीन. इतके दिवस सगळं दिसत असताना एका शब्दाने न बोलणं मला कधी जमलं नसतं. याचाही हेवा वाटतो, आणि हा त्या खुर्चीपेक्षा मोठा आहे.

पडदे काढले. कापड चांगलं आहे, आई पिशव्या शिवणार म्हणते.

परतीची गाडी अजून इथे थांबत नाही. संध्याकाळी ती सांध्यांवर हळू होईल तेव्हा मी बाहेर फलाटावर असेन, पोस्टरच्या शेजारी. हात आधी तू करायचास. धाकटी आहेस.

ताई